सतरावा प्रश्न

अंगदने फॉर्म आधी मोजले आणि मगच चहाचा कप जवळ ओढला. चौपन्न. ज्या दिवशी एस.वाय.बी.ए.च्या वर्गात ते वाटले, त्या दिवशी हजेरीही चौपन्नच लागली होती. आकडा जुळला आणि आपण फार शिस्तीचे संशोधक आहोत असं त्याला उगाचच वाटून गेलं. संगमनेरच्या त्या कॉलेजात दुपारी दोननंतर स्टाफरूममध्ये कुणी नसायचं. कायम नोकरीतले सगळे गाड्या काढून गेलेले, पंखा एका अंगाला कलून फिरणारा, आणि टेबलाच्या टोकाला त्याची ठरलेली खुर्ची, जिच्या पाठीवर कुणीतरी कधीतरी खडूने 'तासिका' असं लिहिलं होतं आणि जे पुसायचं त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. ग्रामीण महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा अनुभव हा त्याच्या पीएच.डी.चा विषय. सहा वर्षं तो या विषयाभोवती घिरट्या घालत होता आणि आता कुठे हातात काही पडलं होतं. प्रत्येक फॉर्मात चाळीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकटी, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. मुलांनी खुणा केल्या होत्या त्या मुलं करतात तशाच, वरपासून खालपर्यंत 'सहमत'च्या रांगेत, कुणाचं मन न दुखावता. एका पठ्ठ्याने तर चाळीसही चौकटींतून एकच उभी रेघ ओढून स्वतःची सुटका करून घेतली होती. अंगद पानं उलटत राहिला, चहा संपवत राहिला, आणि एकतिसाव्या फॉर्मावर त्याचा हात थांबला. सतराव्या विधानापुढच्या पाचही चौकटी कोऱ्या होत्या. विधान होतं, 'या महाविद्यालयात मला माझ्या नावाने ओळखणारे किमान एक शिक्षक आहेत.' शेजारच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आहेत. पण ते नाव माझं नाही.'

आधी त्याला हसू आलं. कुणीतरी चेष्टा केली असणार. मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना आईबापांनी ठेवलेल्या नावाने कुठे हाक मारतात? पण त्याने वाक्य परत वाचलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं. चेष्टा करणारा मोठ्या अक्षरात लिहितो, समोरच्याने वाचावं म्हणून लिहितो. हे जेमतेम मावेल एवढ्याच जागेत लिहिलेलं होतं. खरं तर सतरावं विधान फॉर्मात राहायचंच नव्हतं. पुण्याच्या गाईड मॅडमनी पहिल्या खर्ड्यातच त्याच्यावर फुली मारली होती. 'सगळे सहमतच म्हणणार, यातून काही निघत नाही,' असं त्या म्हणाल्या होत्या. अंगद एरवी मॅडमच्या शब्दाबाहेर नव्हता. पण छपाईला देताना त्याने ते एक विधान गुपचूप परत घातलं होतं. का घातलं, हे तेव्हा त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता त्या कोऱ्या चौकटींकडे बघताना त्याला वाटलं की हा प्रश्न कुणीतरी आपल्याला विचारावा अशीच आपली इच्छा असावी. या कॉलेजात तासिका तत्त्वावर त्याचं हे नववं वर्ष. दर जूनमध्ये मुलाखत, दर जुलैत नवी ऑर्डर, मार्चअखेर तास संपले की नमस्कार. पहिल्या वर्षी मुलांनी त्याला 'नवे सर' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव बॅचमागून बॅच तसंच चालत आलं. शिपाईसुद्धा 'नवे सरांना बोलावलंय' असंच सांगायचा. टाईमटेबलवर त्याच्या तासांपुढे विभागप्रमुखांचं नाव असायचं, कारण कागद तसा लागतो. याचं त्याला वाईट वाटायचं, पण इतक्या वर्षांनी त्या वाईट वाटण्याचीही सवय होऊन गेली होती.

फॉर्मच्या डोक्यावर त्याने स्वतःच ठळक छापून घेतलं होतं, 'नाव लिहू नये. मोकळेपणाने खरे लिहावे. हा फॉर्म कोणाचा आहे हे कोणालाही कळणार नाही.' वाटताना त्याने हे तोंडीही दोनदा सांगितलं होतं, छातीवर हात ठेवून. आता त्याच ओळीवर बोट ठेवून तो बसला आणि मनात मात्र एकच चाळा, की हे कोणाचं? लहानपणी पारनेरला घरी पाहुणे आले की त्यांच्या पिशवीत काय आहे हे कळेपर्यंत त्याला चैन पडायचं नाही. आई म्हणायची, ह्याला पाहुणं नको, पिशवी पायजे. संशोधन म्हणजे तीच खोड, फक्त मोठेपणी तिला विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक मिळाला होता. त्याने स्वतःला पाच मिनिटं समजावलं की असं करू नये. सहाव्या मिनिटाला तो उठला आणि कपाटातून ट्यूटोरियलच्या वह्यांचा गठ्ठा काढून बसला.

फार शोधावं लागलं नाही. सगळ्या वह्यांत मुलं समास सोडून, ओळी सोडून, मधूनमधून नक्षी काढत ऐसपैस लिहीत होती. एकाच वहीत पान या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेलं होतं. समास नाही, वरची कोरी जागा नाही, छापील पहिल्या ओळीच्याही वर एक ओळ बसवलेली. वाया काही जाऊ द्यायचं नाही अशा बेताने लिहिलेलं ते बारीक अक्षर, तेच समासातलं. वहीवर नाव होतं राजनंदिनी, रोल नंबर चौतीस. अंगदला ही वही चांगली आठवत होती. स्थलांतरावरच्या टिपणात या मुलीने पुस्तकात नसलेली एक गोष्ट लिहिली होती, की गाव सोडताना माणसं कुलपाची किल्ली कुणाकडे ठेवतात यावरून त्यांचं गावात कुणाशी जमतं ते कळतं. त्याने त्याखाली लाल पेनाने 'उत्तम, राजनंदिनी!' असं लिहिलं होतं. वर्गातही म्हणाला होता, शाबास राजनंदिनी. तेव्हा खिडकीच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं होतं. पण कोण? त्याला चेहरा आठवेना. आवाज आठवत होता. चौतीस म्हणायच्या आतच येणारा, जरा घाईतला 'हजर, सर'. चेहरा आठवत नाही म्हटल्यावर तो चरकला. मग त्याने पंचवीसचा, एकोणचाळीसचा, बावन्नचा चेहरा आठवून पाहिला. एकही नीट दिसेना. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तो हजेरी घेताना प्रत्येक नावाला मान वर करून बघायचा. विभागप्रमुख दारातून म्हणाले होते, 'अहो, हजेरीतच तास घालवता काय?' तेव्हापासून तो मान खाली घालून नुसते नंबर म्हणायला लागला, आणि ती मान पुढे नऊ वर्षं खालीच राहिली.

कार्यालयात रामहरी क्लार्क ॲडमिशनच्या फाईली दोरीने बांधत बसला होता. वीस वर्षांच्या नोकरीत त्याने कधी कुणाला घाईने कागद दिला नव्हता. अंगदने सहज विचारल्यासारखं करून एस.वाय.ची फाईल मागितली.

"चौतीस नंबर? काय काढलंय तिचं?"

"काही नाही हो. वहीवरचं आडनाव नीट लागत नाहीये."

रामहरीने फाईल पुढे सरकवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. "सर, एक सांगू का? आडनाव लागत नसलं तर ऱ्हाऊ द्या. ह्या फाईलीत काय शोधू नये मानसानं. सापडलं की लिहावं लागतं. लिहिलं की वर द्यावं लागतं. मंग त्या पोरीचा परीक्षेचा फॉर्म बी थांबतो आन ज्यानं शोधलं त्याला बी चार हेलपाटे."

म्हणजे याला माहीत होतं. अंगदने फाईल उघडली. चौतीस नंबरच्या फोटोत गोल चेहऱ्याची, चष्मा लावलेली, केस मोकळे सोडलेली मुलगी कॅमेऱ्याकडे ठसक्यात बघत होती. ही मुलगी त्याने वर्गात कधीच पाहिली नव्हती, एवढं मात्र नऊ वर्षांच्या झुकल्या मानेलाही सांगता येत होतं.

संध्याकाळी खोलीवर भाकरी भाजताना त्याला बजरंग आठवला. आठवला म्हणजे काय, तो दुपारपासूनच डोक्याच्या कडेला येऊन उभा होता, अंगदनेच आत घेतलं नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी नगरला शिकत असताना अंगद नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला दुसऱ्या पाळीत कामाला होता. सकाळी डोळा उघडायचा नाही, आणि कॉलेज सकाळचंच. खोलीतला जोडीदार बजरंग दोघांची हजेरी द्यायचा. स्वतःच्या नंबरला जाड आवाज, अंगदच्या नंबरला बारीक. वर्षभर तो बारीक आवाज म्हणजेच अंगद होता. एकदा खरा अंगद वर्गात गेला आणि त्याने आपल्या जाड आवाजात हजर म्हटलं, तर सरांनी वर बघून विचारलं होतं, 'घसा बसला काय रे?' दोघंही महिनाभर हसले होते त्याला. बजरंग रोज वर्गात बसायचा, सगळं उतरवून घ्यायचा आणि वही अंगदच्या उशाशी ठेवून द्यायचा. निकाल लागला तेव्हा अंगद सेकंड क्लासात पास झाला आणि बजरंग दोन विषयांत गेला. पुढे त्याने नाद सोडला. आता पारनेरच्या बाजारच्या दिवशी तो टेम्पो लावून उभा असतो, अंगद दिसला की लांबूनच हात वर करतो. त्या बारीक आवाजाबद्दल अंगदने त्याला कधी एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाने वर्षभर हजर राहताना कसं वाटत होतं रे, असं. चाळीस विधानांत हे एकही विधान नव्हतं. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली तेव्हा तो भानावर आला.

दुसऱ्या दिवशी अकरा वीसच्या तासाला त्याने मान वर ठेवून हजेरी घेतली. पोरांना हे नवीन होतं. दहा-बारा नंबर झाल्यावर वर्ग सावध झाला, बाकाबाकांतून नजरा फिरल्या. तेहतीस झालं. मध्ये एक क्षण सगळा वर्ग श्वास धरून बसल्यासारखा त्याला वाटला. "चौतीस." खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एक काळीसावळी, काटक मुलगी, ओढणी खांद्याला गच्च पिन लावलेली, मान खाली घालून म्हणाली, "हजर, सर." तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. आणि त्याच क्षणी अंगदला दिसलं की हे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलींना, मागच्या टोळक्याला, झाडून सगळ्यांना. रामहरीला माहीत, शिपायाला माहीत. विद्यार्थ्यांचा अनुभव सहा वर्षं अभ्यासणारा तेवढा एकटाच कोरा होता. तो पस्तीस म्हणाला. पूर्ण तासभर तो शिकवत होता, पण काय शिकवलं ते नंतर त्याला आठवलं नाही.

तास संपल्यावर सायकल स्टँडमागच्या पाण्याच्या टाकीपाशी त्याने तिला गाठलं. "राजनंदिनी, जरा थांब," असं त्याच्या तोंडून सवयीने गेलं. आणि ती थांबली, हे त्याला जास्त लागलं.

"तो फॉर्म," तो म्हणाला. "सतरावा प्रश्न."

तिने बाटली नळाखाली धरली होती ती तशीच भरून वाहू दिली. मग नळ बंद केला. "तुमी म्हनले हुते, कुनाला कळनार न्हाई."

शरमेने त्याचे कान तापले. रागावायचं, दरडावायचं, निदान कडक आवाजात विचारायचं असं काहीबाही ठरवून तो आला होता, ते सगळं त्या एका वाक्याने धुऊन गेलं.

"मग आता कुनाकुनाला कळलंय?"

"मलाच. मी कुणाला सांगितलेलं नाही."

ती जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, खरं बोलतोय का ते पारखत. "सांगायचं आसंल तर तिचं सांगू नका, सर. माझं सांगा. म्हना, बाहेरची पोरगी वर्गात घुसती. मी काय, उद्याच्याला येत न्हाई. तशी बी परवा आमी चाललो. पट्टा पडतोय."

"पट्टा?"

"कारखाना बंद हुतोय ना. सीझन सरला. परवा गाड्या भरायच्या आन निघायचं, पाथर्डीकडं." तिच्या आवाजात वाईट वाटल्याची खूणही नव्हती, जणू बसचा टाईम सांगत होती.

मग त्याने विचारत नेलं आणि ती सांगत गेली, टाकीच्या कठड्याला टेकून, मधूनच रस्त्याकडे बघत. आईबाप ऊसतोडीला दर दिवाळीनंतर इकडे येतात, कारखान्यामागच्या माळावर उसाच्या पाचटाची कोपी घालून राहतात. ही तिकडे बारावी झाली, तिकडच्याच कॉलेजात नाव घातलं. पण दिवाळी झाली की इकडं यावं लागायचं. वर्षाअखेर हजेरी भरली नाही म्हणून तिचा परीक्षेचा फॉर्म घेतला नाही. सहा महिने तिथं न्हाई आन सहा महिने इथं न्हाई, असं ती म्हणाली. राजनंदिनी माळाशेजारच्या मळेवाल्याची मुलगी. त्यांचा ऊस तोडताना दोघींची ओळख झाली. राजनंदिनी नागापूरला कंपनीत पॅकिंगला जाते, मावशीकडे राहते. "शिकती म्हनलं की स्थळं थांबत्यात, आन नोकरी हाय म्हनलं की घरचे गप बसत्यात. तिला दोन्ही पायजे हुतं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. सकाळी ही मोळ्या बांधू लागायची, दहाला हात धुवायचे, अकराला वर्गात. लिहिलेल्या पानांचे फोटो राजनंदिनीला मोबाईलवर जायचे. परीक्षेला राजनंदिनी स्वतः यायची. त्यातले मार्क चांगले होते, हे अंगदला माहीत होतं. हा दुसरा सीझन. तिकडे असताना काय करतेस, या प्रश्नावर ती नुसतं "वाट बघती" म्हणाली.

"मुक्त विद्यापीठात का नाव घालत नाहीस?" त्याला एकदम सुचलं. "तिथे हजेरीची अट नाही. घरी बसून—"

"तिथं असा रोजचा वर्ग नसतो ना, सर." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की एवढं साधं याला कसं कळत नाही. "मला वर्गात बसायचं असतंय."

"पण दुसऱ्याच्या नावाने?"

"त्यात काय झालं? आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. मानसं दोन, मोजायला एक. मुकादमाच्या वहीत माह्या आईचं नाव कधीच नसतंय, दादाचंच, माह्या बापाचंच, असतंय. कोयता मातर दोघं बी चालवत्यात. एकटा मानूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हनत्यात. तसंच हे. राजनंदिनी अर्धी, मी अर्धी. आमी दोघी मिळून तुमचा एक चौतीस नंबर." ती हे इतकं सरळ सांगत होती, की श्रमविभागणीचा धडा फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी काढून शिकवणारा अंगद ऐकतच राहिला. एक विद्यार्थी म्हणजे एक नाव, एक नंबर, एक फॉर्म. त्याच्या सगळ्या तक्त्यांच्या तळाशी हेच धरलेलं होतं आणि ते खरं आहे का हे त्याने कधी चाचपून पाहिलं नव्हतं.

"मग त्यात काही वाटत नाही, तर समासात तसं का लिहिलंस?"

चिंधी सुटत आली होती ती तिने दाताने घट्ट केली. "एकोनचाळीस प्रश्न राजनंदिनीचे हुते, सर. लायब्री कशी हाय, शिष्यवृत्ती टायमाला मिळती का. ते मी तिला इचारून, तिच्यावानी भरले. त्यो एकच प्रश्न मला इचारल्यासारखा वाटला." मग तिला काय वाटलं कोण जाणे, वातावरण हलकं करावं तशी ती म्हणाली, "आन तुमचं तरी खरं नाव कुठं म्हाईत हाय आमाला? समदे नवे सर, नवे सर करत्यात. वर्गाबाहेरच्या कागदावर बी दुसऱ्याच सरांचं नाव हाय. तुमी बी अर्धेच की."

अंगदला राग यायला हवा होता, पण त्याला मोठ्याने हसू आलं. नऊ वर्षांत या कॉलेजच्या आवारात तो असा हसला नव्हता. "अंगद," तो म्हणाला. "अंगद दगडू शेळके. गाव पारनेर तालुक्यात. एम.ए., सेट."

"अंगद सर," तिने म्हणून पाहिलं. रस्त्यावर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. तिने बाटली पिशवीत टाकली आणि ती झपाझपा फाटकाकडे गेली.

मोटरसायकलवरून खोलीकडे येताना अंगदला फार बरं वाटत होतं. असं काही सापडावं म्हणून तर माणसं आयुष्य घालवतात. प्रबंधाचं एक नवं प्रकरण त्याला समोर दिसत होतं, शीर्षकसुद्धा सुचत होतं. हायवेच्या कडेला थांबून त्याने गाईड मॅडमना फोन लावला. त्या दोन मिनिटं शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अंगद, ही मुलगी तुमच्या नमुन्यात बसत नाही. ती विद्यार्थिनीच नाही. तो फॉर्म बाद करा. त्रेपन्न पुरेसे आहेत." तो म्हणाला, "पण मॅडम, सगळ्यांत खरं उत्तर तिचंच आहे." त्या म्हणाल्या, "असेल. कोण म्हणून नोंदवणार तिला?"

फोन बंद झाला. शेजारून उसाच्या दोन गाड्या गेल्या, शेवटच्या असाव्यात. वाढे, उसाचे हिरवे शेंडे, रस्त्यावर सांडत गेले. कोण म्हणून? तो मनात उत्तर जुळवू लागला. ती म्हणजे पाथर्डीकडची, ऊसतोड कुटुंबातली, बारावी पास, दोन बोटांना चिंध्या, आई, दादा, कोपी, मळा, मैत्रीण नागापूरला. सगळं त्याच्याकडे होतं. आणि मग तिथेच, गाडीची किल्ली फिरवता फिरवता, त्याचा हात थांबला. त्याने तिचं नाव विचारलं नव्हतं. अर्धा तास तो प्रश्नामागून प्रश्न विचारत होता. स्वतःचं नाव बापाच्या नावासकट, गाव, पदव्यांसकट सांगून मोकळा झाला होता. तिच्या तोंडून ते ऐकून सुखावला होता. आणि ज्या एका गोष्टीसाठी तिने समासात पेन टेकवलं होतं, ती विचारायची त्याला आठवणच झाली नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो कितीतरी वेळ गाडीवर बसूनच राहिला. उद्याच्याला येत न्हाई, असं ती म्हणाली होती. आली नाही तर आपण तिला हाक तरी कोणत्या नावाने मारणार, हे त्याला सुचेना. माळावर जाऊन चौकशी केली तरी काय विचारणार, राजनंदिनी कुठे राहते?

सकाळी तो वीस मिनिटं आधीच वर्गात जाऊन बसला. मुलं एकेक करून आली, त्याला आधीच बसलेला पाहून दचकली, गुपचूप जागेवर गेली. खिडकीकडचा तिसरा बाक रिकामाच होता. अकरा वीसला घंटा झाली. त्याने हजेरीपत्रक उघडलं आणि जितकं सावकाश घेता येईल तितकं सावकाश घेतलं, नंबर नाही, नावं वाचली, प्रत्येक नावाला वर बघून. पोरांना आधी हसू आलं, मग ती एकेक करून नीट बसायला लागली. तिसाव्या नावावर दारातून ती आत आली, केसांत पाचटाची एक काडी तशीच, आणि बाकावर टेकली. अंगदला एकदम हलकं वाटलं आणि लगोलग भीती वाटली.

"राजनंदिनी."

"हजर, सर."

त्याने चौतीसपुढे हजेरीची खूण केली. नागापूरच्या कुठल्याशा पॅकिंगच्या टेबलाशी उभी असलेली ती चष्मेवाली मुलगी हजर लागली. ते बरोबरच होतं. पुढची नावं झाली, पटावरचं शेवटचं, अठ्ठावन्नावं नाव संपलं. मग रोज सगळे शिक्षक पत्रक मिटता मिटता जे विचारतात आणि ज्याचं उत्तर ऐकायला कुणीही थांबत नाही, ते त्याने विचारलं.

"कुणाचं राहिलं का?"

आणि तो थांबला. पत्रक उघडंच ठेवलं, पेनाचं टोपण काढलेलं. बाहेर कुणीतरी सायकल आपटली. मागच्या बाकावरच्या एकाने शेजाऱ्याला कोपर मारलं. महिनाअखेरीला या पानावर विभागप्रमुखांची नजर फिरणार होती, जूनमध्ये मुलाखत होती, रामहरी म्हणाला होता की लिहिलं की वर द्यावं लागतं. हे सगळं अंगदच्या मनात येऊन गेलं. तो खिडकीकडे बघत होता. तीही त्याच्याकडे बघत होती, अगदी कालच्यासारखीच पारखत.

"राहिलं असेल तर सांगा," तो म्हणाला. "आज लिहून घेतो."

ती उठली. बाकाची फळी मागे आपटली. तिने एकदा वर्गाकडे पाहिलं आणि मग, घाई न करता, एकेक शब्द मोकळा करत म्हणाली, "माझं ऱ्हायलंय, सर. आरती झुंबरबाई पुंजाराम बडे."

अठ्ठावन्नच्या खालची ओळ कोरी होती. अंगदने तिथे लिहायला घेतलं. नाव लांब होतं, रकान्यात मावेना, 'पुंजाराम' संपता संपता ते तारखांच्या चौकटींत शिरलं. "बडे ना?" त्याने विचारलं. "व्हय, सर." नंबराची जागा त्याने मोकळी ठेवली आणि आजच्या तारखेखाली हजेरीची खूण केली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला, आरती होय हिचं नाव." म्हणजे तिचं नाव वर्गालाही माहीत नव्हतं. ती बसली. हसली वगैरे नाही. तिने वही उघडली आणि पहिल्या ओळीच्याही वर, अगदी कडेपासून, आजची तारीख घातली.

अंगदने हजेरी मोजली. पत्रकात बावन्न जण हजर लागले होते. बाकांवर एक्कावन्न होते. त्याने पुन्हा मोजलं. मग पानाच्या तळाशी, जिथे विभागप्रमुखांच्या नावापुढे तो रोज नुसती एक रेघोटी ओढायचा, तिथे त्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि खडू घ्यायला उठला.